१,२३,४५,६७,८९० : एका मोठ्या संख्येची कागद-पेन्सिलीने ओळख

दहा आकडी संख्या समोर आली की बहुतेक जण ती वाचून सोडून देतात, नाहीतर थेट संगणकाला विचारतात. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे आणि खरा आनंद तिथेच मिळतो. एक संख्या निवडायची, कागद घ्यायचा आणि तिच्यात काय काय दडलंय ते एकेक करून बाहेर काढायचं. विभाज्यतेच्या शाळेतल्या कसोट्या, भागाकार आणि वर्ग एवढं येत असलं की पुरे. लांब गुणाकार पडताळायला फोनवरचा साधा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, पण अवयव पाडणारं कुठलंही ॲप सध्या उघडू नका.

आपण घेऊ १,२३,४५,६७,८९०. दिसायला अगदी सरधोपट संख्या आहे, एक ते नऊ ओळीने आणि शेवटी शून्य. म्हणूनच ती निवडली. लक्षात ठेवायला सोपी आहे आणि आत काय आहे याचा बाहेरून काहीच पत्ता लागत नाही.

सुरुवातीलाच एक काम करा. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा ‘संख्येचे गुणधर्म’ आणि उजवीकडे ‘लेखनाचे गुणधर्म’. एवढ्या वस्तू नऊ जणांत समान वाटता येतात का, हा प्रश्न डावीकडचा. त्याचं उत्तर तुम्ही संख्या कशी लिहिता यावर अवलंबून नाही. ‘हिच्यात दहाही अंक एकेकदा येतात’ हे मात्र उजवीकडचं. आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणूनच ते खरं आहे. नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ या दोहोंची सरमिसळ झाल्याने होतो. रेघ मारली की पुढचं सगळं आपोआप जागच्या जागी बसतं.

पहिली पायरी: आकार

संख्या मोठ्याने वाचा: एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद. मग वर्गमूळाचा अंदाज घ्या. ३५,००० चा वर्ग १,२२,५०,००,००० होतो, म्हणजे थोडं पुढे जायला हवं. ३५,१३६ चा वर्ग १,२३,४५,३८,४९६ येतो आणि ३५,१३७ चा वर्ग आपल्या संख्येच्या पुढे जातो. तेव्हा वर्गमूळ ३५,१३६ पेक्षा किंचित जास्त. हा आकडा डाव्या रकान्यात वर लिहून ठेवा. एखादी संख्या मूळ नसेल, तर तिला वर्गमूळाइतका किंवा त्याहून लहान असा एक मूळ अवयव असतोच, त्यामुळे शोध कुठवर चालवायचा ते यावरून ठरतं.

दुसरी पायरी: स्वस्त कसोट्या आधी

क्रम महत्त्वाचा आहे. ज्या कसोटीला पाच सेकंद लागतात ती आधी, जिला पाच मिनिटं लागतात ती नंतर.

शेवटी शून्य आहे, म्हणून २ आणि ५ दोन्हींनी भाग जातो. शेवटचे दोन अंक ९० आहेत. ९० ला ४ ने भाग जात नाही आणि २५ नेही जात नाही. म्हणजे २ एकदाच आणि ५ एकदाच. यातून जाता जाता आणखी एक गोष्ट सिद्ध झाली: ही पूर्ण वर्ग संख्या असू शकत नाही, कारण पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळा येतो.

आता अंकांची बेरीज: १ ते ९ मिळून ४५. पंचेचाळीसला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ही कसोटी सगळ्यांना पाठ असते, तिचं कारण थोड्यांना माहीत असतं. १० ला ९ ने भागलं की बाकी १ उरते. १०० ला भागलं तरी १, १००० ला भागलं तरी १. म्हणून कुठलाही अंक कुठल्याही स्थानावर असो, ९ ने भागताना तो स्वतःएवढीच बाकी देतो. आपल्या वहीतल्या रेघेवरचा हा पूल आहे, उजवीकडचे अंक डावीकडच्या गुणधर्माची बातमी देतात.

याच कारणाने दहाही अंक एकेकदा वापरून केलेली कुठलीही संख्या ९ ने विभाज्य असते. अंक कसेही फिरवा, बेरीज ४५ च. पहिला अंक शून्य नसेल अशा दहा आकडी मांडण्या ३२,६५,९२० होतात आणि त्यांतली एकही मूळ संख्या नाही. पूर्ण वर्ग मात्र त्यांत ८७ आहेत. सगळ्यात लहान १,०२,६७,५३,८४९, म्हणजे ३२,०४३ चा वर्ग, आणि सगळ्यात मोठा ९,८१,४०,७२,३५६, म्हणजे ९९,०६६ चा वर्ग.

आता २, ५ आणि ९ एकत्र बाहेर काढा. त्यांचा गुणाकार ९०.

१,२३,४५,६७,८९० = ९० × १,३७,१७,४२१

उरलेल्या १,३७,१७,४२१ मध्ये अंकांची बेरीज २६ आहे, त्यामुळे आणखी एक ३ निघत नाही. इथून पुढे दहा आकडी संख्येला हात लावायचाच नाही, या छोट्या भावंडावरच काम करायचं. अवयव सापडला की लगेच भागून संख्या लहान करणं ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. पुढची सगळी मेहनत निम्म्याने कमी होते.

तिसरी पायरी: ७, ११ आणि १३ एका दमात

७ × ११ × १३ = १,००१. म्हणजे १००० ला या तिघांपैकी कुणीही भागलं तरी तो −१ सारखा वागतो. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि त्यांची आळीपाळीने बेरीज-वजाबाकी करा. इथे एक सावधगिरी घ्या. आपले स्वल्पविराम आधी तीन आणि मग दोन-दोन अंकांवर पडतात, त्यामुळे या कसोटीसाठी संख्या स्वल्पविरामांशिवाय पुन्हा लिहून घ्यावी लागते: १३ | ७१७ | ४२१.

४२१ − ७१७ + १३ = −२८३. आता फक्त २८३ तपासायचे. ७ ने भागून बाकी ३, ११ ने ८, १३ ने १०. तिघेही बाद.

हेच गट नुसते मिळवले तर ३७ ची कसोटी मिळते, कारण ९९९ = २७ × ३७. १३ + ७१७ + ४२१ = १,१५१, पुन्हा १ + १५१ = १५२, आणि १५२ ला ३७ ने भागून बाकी ४. तोही बाद. आपल्या दोन-दोनच्या सवयीला साजेशी कसोटी १०१ ची आहे: १३ | ७१ | ७४ | २१ असे गट करून २१ − ७४ + ७१ − १३ = ५. बाद.

१७, १९, २३ साठी अशा सुटसुटीत युक्त्या नाहीत. सरळ भागा. बाक्या अनुक्रमे २, १० आणि १४ येतील.

इथे थांबून हिशेब करू. १,३७,१७,४२१ चं वर्गमूळ सुमारे ३,७०३.७ आहे. याच वाटेने गेलो तर ३,७०३ पर्यंतच्या पाचशेहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. पाचशेवी मूळ संख्याच ३,५७१ आहे. चिकाटी असेल तर होईल, पण त्याआधी एक वेगळं दार ठोठावून पाहायला हवं.

चौथी पायरी: फर्माची पद्धत

सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती पिएर द फर्मा पेशाने वकील, तुलूझ शहराच्या न्यायसभेतले अधिकारी. गणित त्यांनी हौसेने केलं आणि बहुतेक पत्रांतून कळवलं. विषम संख्येचे अवयव पाडायची त्यांची पद्धत एका साध्या सूत्रावर उभी आहे: दोन वर्गांचा फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी.

उलट बाजूने पाहा. ९१ = ७ × १३. ७ आणि १३ यांच्या बरोबर मध्ये १० आहे आणि दोघेही १० पासून ३ अंतरावर. म्हणून ९१ = १०² − ३². कुठल्याही दोन विषम अवयवांचं असंच होतं. तेव्हा अवयव शोधण्याऐवजी असा वर्ग शोधायचा, की त्यातून आपली संख्या वजा केल्यावर पुन्हा वर्गच उरेल.

सुरुवात वर्गमूळाच्या लगेच पुढच्या पूर्ण संख्येपासून करायची. आपलं वर्गमूळ हाताने असं काढा: ३,७०० चा वर्ग १,३६,९०,०००. उरले २७,४२१. त्याला ३,७०० च्या दुपटीने, म्हणजे ७,४०० ने भागलं की सुमारे ३.७. म्हणून पहिला प्रयत्न ३,७०४ चा.

३,७०४² = १,३७,१९,६१६
वजा १,३७,१७,४२१ = २,१९५

२,१९५ वर्ग आहे का? वर्गमूळ काढत बसू नका, शेवट पाहा. शेवटी ५ असलेला कुठलाही पूर्ण वर्ग २५ वरच संपतो. इथे ९५ आहे. बाद. त्याचप्रमाणे २, ३, ७, ८ वर संपणारी संख्या कधीच वर्ग नसते. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर निम्म्याहून अधिक उमेदवार नुसत्या नजरेने गळतात.

पुढचा प्रयत्न ३,७०५. इथे पुन्हा वर्ग करायची गरज नाही. लागोपाठच्या दोन वर्गांत फरक त्या दोन संख्यांच्या बेरजेइतका असतो: ३,७०४ + ३,७०५ = ७,४०९. मागच्या फरकात तो मिळवा.

२,१९५ + ७,४०९ = ९,६०४

आणि ९,६०४ = ९८². शंभरातून दोन कमी, त्याचा वर्ग १०,००० − ४०० + ४.

काम झालं. दुसऱ्याच प्रयत्नात.

३,७०५ − ९८ = ३,६०७
३,७०५ + ९८ = ३,८०३

१,३७,१७,४२१ = ३,६०७ × ३,८०३

भागत गेलो असतो तर ३,६०७ पर्यंत पोहोचायला त्याआधीच्या ५०३ मूळ संख्या ओलांडाव्या लागल्या असत्या. फर्माच्या वाटेने दोन वर्ग पुरले, कारण दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ आहेत. ही पद्धत शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. म्हणून हा टप्पा वाचून पुढे जाऊ नका, हाताने एकदा करा. ९,६०४ समोर आल्यावर जे वाटतं ते वाचून कळणार नाही.

गुणाकार पडताळायचा असेल तर नवाची कसोटी लावा. ३,६०७ ची अंकबेरीज १६, म्हणजे ७. ३,८०३ ची १४, म्हणजे ५. ७ × ५ = ३५, म्हणजे ८. तिकडे १,३७,१७,४२१ ची बेरीज २६, म्हणजे ८. जुळलं. ही कसोटी चूक पकडते, बरोबर असल्याची खात्री मात्र देत नाही. जुळलं नाही तर नक्की चूक, जुळलं तर बहुधा बरोबर.

पाचवी पायरी: मूळ आहेत याची खात्री

३,६०७ आणि ३,८०३ पुढे फुटत नाहीत हे दाखवल्याशिवाय काम पुरं होत नाही. नवीन माणूस नेमका इथेच घाई करतो. ६० चा वर्ग ३,६०० आणि ६१ चा ३,७२१, म्हणून ३,६०७ साठी ५९ पर्यंतच्या १७ मूळ संख्या तपासायच्या. ३,८०३ साठी ६१ पर्यंतच्या १८.

पहिल्या सहा तर क्षणात होतात. २, ३, ५ अंकांवरूनच बाद. ७, ११, १३ साठी ६०७ − ३ = ६०४ आणि ८०३ − ३ = ८००. उरलेल्या हाताने भागा. ३,६०७ ला ५३ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि ५९ ने ८. ३,८०३ ला १९ ने भागल्यावर बाकी ३. जवळ जवळ जातात, पण कुठेच नेमका भाग जात नाही. दोन्ही मूळ आहेत.

आता डाव्या रकान्यात चौकट करून लिहा:

१,२३,४५,६७,८९० = २ × ३² × ५ × ३,६०७ × ३,८०३

या पाच अवयवांशिवाय दुसऱ्या कुठल्याही मूळ अवयवांनी ही संख्या बनत नाही. प्रत्येक संख्येची अशी फोड एकच असते आणि संख्येचे जवळजवळ सगळे गुणधर्म या एका ओळीतून वाचता येतात.

सहावी पायरी: फोडीतून काय काय वाचता येतं

विभाजक किती? प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करा. २ साठी २, ३² साठी ३, ५ साठी २, उरलेल्या दोघांसाठी दोन-दोन. २ × ३ × २ × २ × २ = ४८. कारण सोपं आहे. विभाजक बनवताना ३ घ्यायचाच नाही, एकदा घ्यायचा की दोनदा, असे तीन पर्याय. बाकी प्रत्येकासाठी घ्यायचा की नाही, असे दोन.

त्या ४८ विभाजकांची बेरीज? (१ + २) × (१ + ३ + ९) × (१ + ५) × (१ + ३,६०७) × (१ + ३,८०३), म्हणजे ३ × १३ × ६ × ३,६०८ × ३,८०४ = ३,२१,१६,१०,६८८. यातून संख्या स्वतः वजा केली की उरतात १,९७,७०,४२,७९८. हे संख्येपेक्षा मोठं आहे. प्राचीन ग्रीकांनी अशा संख्यांना ‘विपुल’ म्हटलं. संख्या स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येइतकीच भरली तर ती परिपूर्ण, जशी ६ किंवा २८.

विपुलता तपासायला एवढा गुणाकार खरं तर लागतच नाही. संख्येला ६ ने भाग जातो. मग तिचा निम्मा भाग, तिसरा भाग आणि सहावा भाग हे तिन्ही तिचे विभाजक. त्या तिघांचीच बेरीज संख्येइतकी होते. वर १ हा विभाजक आहेच, झाली जास्त. सहाच्या पुढची सहाची प्रत्येक पट याच कारणाने विपुल असते. असे छोटे पुरावे मला मोठ्या आकडेमोडीपेक्षा जास्त आवडतात आणि तुम्हीही गुणाकाराला बसण्याआधी ते शोधत जा.

एकपासून आपल्या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ, म्हणजे १ सोडून एकही समान विभाजक नसलेल्या, संख्या किती? ९० साठी अशा संख्या २४ आहेत. त्याला ३,६०६ आणि ३,८०२ ने गुणा. उत्तर ३२,९०,४०,२८८. साधारण चारातली एक.

सातवी पायरी: वर्गांच्या बेरजेत मांडता येईल का

हा प्रश्नही फर्मांचा लाडका. दोन वर्गांच्या बेरजेत संख्या मांडता येण्याची अट अशी आहे: ४ ने भागल्यावर ३ बाकी देणारा प्रत्येक मूळ अवयव फोडीत सम वेळा यायला हवा. आपल्या फोडीत ३ दोनदा आहे, चालेल. पण ३,६०७ ची बाकी ३ आणि तो एकदाच. ३,८०३ चंही तेच. म्हणून ही संख्या दोन वर्गांची बेरीज नाही, कितीही शोधा. नुसती संख्या पाहून हे कळलं नसतं. २ काढल्यावर उरणाऱ्या ६१,७२,८३,९४५ ला ४ ने भागलं तर बाकी १ येते, म्हणजे वरवरची कसोटी ‘कदाचित जमेल’ असंच म्हणते. तीन बाकी देणारे दोन अवयव एकमेकांना झाकतात. फोड हातात आली तेव्हाच ते उघड झालं.

तीन वर्गांसाठी अट आणखी सोपी. संख्येतून ४ जितक्या वेळा निघेल तितक्या वेळा काढा, मग ८ ने भागून बाकी ७ आली तरच मांडणी अशक्य. आपल्या संख्येतून ४ निघतच नाही आणि ८ ने भागून बाकी २. म्हणजे तीन वर्ग नक्की सापडणार. कसे शोधायचे? वर्गमूळापासून खाली उतरा आणि उरलेला भाग दोन वर्गांत बसतो का ते वरच्या अटीने पाहा.

३५,१३६ घेतले तर उरतात २९,३९४. त्यात २३ एकदाच येतो, बाद. ३५,१३५ ला उरतात ९९,६६५, त्यात ३१ एकदाच, बाद. ३५,१३४ ला उरतात १,६९,९३४, त्याच्या निम्म्याला ४ ने भागून बाकी ३, बाद. ३५,१३३ ला उरतात २,४०,२०१, म्हणजे ९ × १३ × २,०५३, आणि १३ व २,०५३ दोघेही ४ ने भागून १ बाकी देणारे. हे चालतं.

१,२३,४५,६७,८९० = ३५,१३३² + ४८०² + ९९²

बेरीज करून पाहा: १,२३,४३,२७,६८९ + २,३०,४०० + ९,८०१.

आठवी पायरी: उजवा रकाना

आता रेघेच्या पलीकडे. अंकांच्या गुणधर्मांना काही गणिती दुय्यम मानतात, कारण दशमानाऐवजी दुसऱ्या लेखनपद्धतीत लिहिलं की ते नाहीसे होतात. तरीही या रकान्यात एका मराठी शिक्षकाने आयुष्यभर काम केलं आणि जगाने त्याची दखल घेतली. डहाणूत जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवत. संशोधनाची पदवी नव्हती, हाताशी विद्यापीठ नव्हतं. आपल्या संख्येला त्यांच्या तीन कल्पना लावून पाहू.

पहिली, हर्षद संख्या: आपल्या अंकांच्या बेरजेने विभाज्य असलेली संख्या. बेरीज ४५, आणि ९ व ५ दोन्हींनी भाग जातो हे आपल्याला आधीच माहीत आहे. भागाकार २,७४,३४,८४२. तेव्हा ही हर्षद संख्या आहे.

दुसरी, जनक. कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये ३ मिळवले की २४, म्हणून २१ ही २४ ची जनक. काही संख्यांना जनकच नसतो, जसे २०, ३१, ४२, ५३. त्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. आपल्या संख्येला जनक आहे का? जनक १,२३,४५,६७,८०० च्या थोडा पुढे असणार. शेवटचे दोन अंक क आणि ख धरा. आधीच्या आठ अंकांची बेरीज ३६. तेव्हा ३६ + ११क + २ख = ९०, म्हणजे ११क + २ख = ५४. क सम हवा. क = ० किंवा २ घेतला तर ख नऊच्या पुढे जातो. क = ४ ला ख = ५. जनक सापडला, १,२३,४५,६७,८४५. त्याचीही अंकबेरीज ४५. आणखी मागे, १,२३,४५,६७,७०० ते १,२३,४५,६७,७९९ मध्ये गेलं तर बेरीज ८९० पर्यंत पोहोचतच नाही, म्हणून जनक हा एकच. मोठ्या संख्येचा जनक असा एका ओळीच्या समीकरणाने सापडतो हे पाहून नवशिक्यांना हुरूप येतो, म्हणून हे उदाहरण गाळू नका.

तिसरी कल्पना त्यांच्या नावाने सगळ्यात प्रसिद्ध. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, पुन्हा तेच. चार अंकी संख्येवर हे केलं, आणि चारही अंक एकच नसतील, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६,१७४ येते आणि मग तिथेच राहते. हा शोध १९४९ चा. आपले दोन मोठे अवयव चार अंकीच आहेत. ३,६०७ ची साखळी: ७२६३, ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. ३,८०३ ची: ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. दोन्हींना सहा-सहा पायऱ्या.

आणि खुद्द दहा अंकी संख्येचं? ९८७६५४३२१० − ०१२३४५६७८९ = ९७५३०८६४२१. उत्तरातले अंक मोजा: पुन्हा दहाही अंक एकेकदा. त्यामुळे पुढची वजाबाकी हुबेहूब तीच. आपली संख्या एका पायरीत अशा जागी पोहोचली जिथून ती हलत नाही. सगळे अंक एकेकदा असलेल्या त्या ३२,६५,९२० संख्यांपैकी प्रत्येकीचं हेच होतं.

या रकान्यात एक शेवटची नोंद. संख्येला २, ४, ५, ७ किंवा ८ ने गुणा: २४६९१३५७८०, ४९३८२७१५६०, ६१७२८३९४५०, ८६४१९७५२३०, ९८७६५४३१२०. प्रत्येकात दहाही अंक एकेकदा. ३ ने गुणलं की मोडतं: ३७०३७०३६७०. ६ नेही मोडतं.

नववी पायरी: यंत्र आणि मोठ्या वाटा

आता संगणक उघडा. लिनक्सच्या टर्मिनलवर ‘फॅक्टर’ ही आज्ञा देऊन संख्या टाइप केली की पाच अवयव क्षणात दिसतात. पुढे जायचं असेल तर ‘पारी’ हे मोफत सॉफ्टवेअर संख्या-सिद्धांतासाठीच, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांच्या अभ्यासासाठी, बनवलेलं आहे. एखादा गुणधर्म आणखी कोणत्या संख्यांत आहे हे शोधायला नील स्लोन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेला पूर्णांक-क्रमिकांचा कोश ऑनलाइन आहे.

संगणकाच्या दृष्टीने आपली संख्या २ च्या तिसाव्या आणि एकतिसाव्या घाताच्या मध्ये पडते, म्हणून द्विमान पद्धतीत तिला ३१ अंक लागतात. त्यांत १२ एक आणि १९ शून्यं. युनिक्स या संगणक-प्रणालीचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं. त्यावर हा आकडा भारतीय वेळेनुसार १४ फेब्रुवारी २००९ ला पहाटे ५ वाजून १ मिनिट ३० सेकंदांनी आला.

दहावी पायरी: उलट्या संख्येवर सराव

९,८७,६५,४३,२१० घ्या. आधी दोन्हींचा मसावि काढा. मोठीला लहानीने भागा: भाग ८, बाकी फक्त ९०. आणि लहानीला ९० ने पूर्ण भाग जातो हे आपण पाहिलंय. मसावि ९०, दोन ओळींत. आता ९० काढून टाकला की उरतात १०,९७,३९,३६९.

इथे थेट फर्माची पद्धत लावायचा मोह होईल. वर्गमूळाच्या पुढची पहिली संख्या १०,४७६. तिथून एकेक वर्ग तपासत निघालात, तर उत्तर १,९०,००५ वर सापडतं, म्हणजे १,७९,५३० प्रयत्नांनंतर. कारण अवयव एकमेकांपासून फार दूर आहेत. उलट लहान मूळ संख्यांनी भागत गेलात तर सातव्याच मूळ संख्येला, १७ ला, भाग जातो. आणि पुन्हा एकदा १७ ला. १०,९७,३९,३६९ = १७² × ३,७९,७२१. म्हणून क्रम असा ठेवा: आधी शंभरेक पर्यंतच्या मूळ संख्या, मग फर्माची पद्धत वीस-पंचवीस प्रयत्नांपुरती, आणि तरी काही हाती लागलं नाही तर पुन्हा भागाकार किंवा यंत्र.

हात बसला की खुद्द फर्मांनी १६४३ च्या सुमारास या पद्धतीने फोडलेली संख्या करून पाहा: २,०२,७६,५१,२८१. सुरुवात ४५,०३० पासून. पहिला फरक ४९,६१९, पुढे ९०,०६१ मिळवा, मग ९०,०६३, असं दोन-दोनने वाढवत जा. बाराव्या प्रयत्नात, ४५,०४१ वर, फरक १०,४०,४०० येईल. तो १,०२० चा वर्ग आहे आणि अवयव ४४,०२१ व ४६,०६१.